ओपी कॅरेक्टर की मुद्दाम कमकुवत? फॅन्टसी आरपीजीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे खेळणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आरपीजी म्हणजे एखादं पात्र, म्हणजे कॅरेक्टर, घेऊन खेळायचा रोल-प्लेइंग गेम, आणि ओपी म्हणजे ओव्हरपॉवर्ड, अतिताकदवान. काही प्रश्न गणपतीच्या सुट्टीत जास्त येतात, काही आषाढातल्या पावसात. उत्तरं सुटी सुटी वाचली तरी चालतील. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. कुठल्याही गेमच्या कथेचा शेवट इथे फोडलेला नाही.

१. कॅरेक्टर ओपी झालं असं कधी म्हणायचं? किती लेव्हलला?

लेव्हलच्या आकड्यावरून ते ठरत नाही. डिस्गाया (२००३) मध्ये लेव्हल ९९९९ पर्यंत जाते, त्यामुळे तिथे हजार लेव्हलचं कॅरेक्टरही कुणाच्या तरी एका फटक्यात आडवं होऊ शकतं. उलट बाल्डर्स गेट ३ मध्ये लेव्हल १२ वरच थांबते आणि त्या बारामध्ये देवांच्या चेल्यांशी दोन हात करता येतात.

आमची कसोटी साधी आहे. कुठे उभं राहायचं, कोणतं हत्यार काढायचं, आधी कुणाला गाठायचं, या तुमच्या निर्णयांमुळे लढाईच्या निकालात काहीच फरक पडेनासा झाला, की कॅरेक्टर ओपी झालं. तोपर्यंत ते फक्त ताकदवान आहे, आणि ताकदवान असण्यात वावगं काही नाही.

२. मुद्दाम कमकुवत खेळण्यात मजा ती काय? आपण हिरो व्हायलाच खेळतो ना?

कमकुवत माणसाला आजूबाजूला बघावं लागतं, मजा त्यात आहे. पहिल्या बाल्डर्स गेटचंच (१९९८) उदाहरण घ्या. लेव्हल १ च्या जादूगाराचं आयुष्य, म्हणजे मार सोसण्याचे गुण, फक्त ४ असतं, शरीर दणकट असेल तर ६. फ्रेंडली आर्म इन या सरायीच्या पायऱ्यांवर टार्नेश नावाचा मारेकरी गाठतो आणि दोन-तीन मंत्रांत सगळा खेळ आटोपतो. तलवारबाज घेऊन गेलेला माणूस त्याला ठोकतो आणि पुढे जातो, त्याला ही भेट नंतर आठवतसुद्धा नाही. जादूगार घेऊन गेलेला मात्र थांबतो. सरायीचे पहारेकरी कुठे उभे आहेत ते बघतो, सोबतच्या इमोएनजवळ मॅजिक मिसाइलची कांडी आहे हे त्याच्या लक्षात येतं, आणि समोरच्याचा मंत्र पुरा व्हायच्या आत त्याला जखमी केलं तर तो मंत्र फुकट जातो हे तो शिकतो. पुढचे कितीतरी तास हीच शिकवण कामाला येते.

हिरो व्हायचंच आहे, पण त्या वाटेवरचा प्रत्येक टप्पा लक्षात राहावा असं वाटत असेल, तर कमकुवत सुरुवातीसारखं दुसरं काही नाही.

३. मी पहिल्यांदाच आरपीजी खेळतेय. कुठून सुरू करू?

नॉर्मलवर, जे कॅरेक्टर मनाला भावेल ते घेऊन. इंटरनेटवरचं तयार बिल्ड (कॅरेक्टरच्या कौशल्यांची आणि हत्यारांची आखणी) उतरवू नका आणि लेव्हल १ च्या भानगडीतही पडू नका. नियम माहीत असल्याशिवाय कमकुवतपणा निवडता येत नाही, तो नुसता वाट्याला येतो.

४. हार्ड मोड लावला तर तेच झालं ना? वेगळं कमकुवत कॅरेक्टर कशाला?

दोन्हींत मोठा फरक आहे. हार्ड मोड बहुतेक वेळा आकडे बदलतो. स्कायरिमच्या लेजेंडरी डिफिकल्टीत तुमचा फटका पाव होतो आणि तुम्हाला बसणारा तिप्पट. गुहा तीच, दरोडेखोर तेच, तुमची युक्तीही तीच, फक्त एकाच दरोडेखोरावर चौपट वेळ कुऱ्हाड चालवायची. आम्हाला हे फार कंटाळवाणं वाटतं.

कमकुवत कॅरेक्टरमध्ये काही वाटा बंद होतात आणि तुम्ही दुसऱ्या वाटा शोधता. ज्याला चिलखत पेलत नाही तो लपतो, ज्याला लढता येत नाही तो बोलतो, ज्याला बोलता येत नाही तो दरवाजा फोडतो. म्हणून कॅरेक्टर ठरवताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: एका बाबतीत कमकुवत असू द्या, सगळ्या बाबतींत नको. सगळ्याच बाबतींत दुबळं असेल तर नवी वाट सापडत नाही आणि खेळ मीठ नसलेल्या पेजेसारखा होतो.

हार्ड मोड चांगलाही असू शकतो. शत्रूचं वागणं बदलणारा असेल तर जरूर लावा. बाल्डर्स गेट ३ चा ऑनर मोड तसा आहे (प्रश्न १२ पाहा).

५. ओपी बिल्ड वापरणं म्हणजे चीटिंग का?

एकट्याने खेळताना नाही. तरी सगळी ताकद एका माळेत ओवू नका, तिचे प्रकार वेगळे आहेत.

पहिली ताकद माहितीतून येते. कोणती अंगठी कोणत्या मंत्राबरोबर चालते हे तुम्ही शोधून काढलंत. ती तुमची कमाई आहे आणि तिचा आनंद मनसोक्त घ्यावा. दुसरी ग्राइंड करून येते, म्हणजे त्याच जंगलात तेच लांडगे मारत बसायचं. तीही हक्काचीच, पण खेळाचा तोल तिनेच सर्वांत लवकर जातो, कारण पुढचे चार बॉस, म्हणजे मोठे शत्रू, न बघताच संपतात.

तिसरी गेममधल्या चुकीतून येते. स्कायरिममध्ये फोर्टिफाय रिस्टोरेशनचं औषध प्यायचं, अल्केमी (औषधं बनवण्याचं कौशल्य) वाढवणारे कपडे काढून पुन्हा घालायचे, त्या वाढलेल्या अल्केमीवर आणखी जालीम औषध बनवायचं, ते प्यायचं, पुन्हा कपडे. थोड्याच फेऱ्यांत आकडे लाखांच्या घरात जातात आणि अशा औषधाच्या जोरावर घडवलेल्या तलवारीने कुठलाही ड्रॅगन एका फटक्यात पडतो. एकदा गंमत म्हणून करून बघायला हरकत नाही, पण वेगळ्या सेव्ह फाइलवर करा. मूळ फाइलवर केलंत तर त्या जगात जिंकण्यासारखं काही उरत नाही.

दुसऱ्या माणसांविरुद्ध खेळताना चूक वापरणं ही सरळसरळ फसवणूक आहे, त्यावर चर्चा नको.

६. स्कायरिममध्ये काहीही ठरवलं तरी शेवटी मी लपून बाण मारणाराच होतो. असं का?

कारण खेळाने त्या वाटेवर फार बक्षिसं ठेवली आहेत. लपून मारलेल्या बाणाचं नुकसान सुरुवातीलाच दुप्पट असतं आणि डेडली एम हे कौशल्य घेतलं की तिप्पट. बाण लांबून जातो, त्यामुळे नेम चुकला तरी जीव जात नाही, आणि शत्रू थोडा वेळ शोधाशोध करून पुन्हा जागेवर जाऊन उभे राहतात. कमी धोका आणि जास्त फायदा दिसला की हात आपोआप तिकडे वळतो.

उपाय एकच, धनुष्य घरी ठेवून निघणं. लपण्याची आवड असेल तर खंजीर घ्या. असॅसिन्स ब्लेड हे कौशल्य घेतल्यानंतर लपून मारलेला खंजीर पंधरापट लागतो, म्हणजे आकड्यांत तो बाणापेक्षा कितीतरी ओपी आहे. पण त्यासाठी शत्रूच्या पाठीशी श्वास लागेल इतकं जवळ जावं लागतं. पायाखालचा सापळा, मशालीचा उजेड, पहाऱ्याची फेरी, सगळं मोजावं लागतं. ओपी असूनही प्रत्येक पाऊल महत्त्वाचं राहतं, असं हे आमचं अतिशय आवडतं बिल्ड आहे.

७. माझी लेव्हल वाढली की शत्रूचीही वाढते. मग लेव्हल वाढवून उपयोग काय?

याला लेव्हल स्केलिंग म्हणतात, आणि त्याचं सर्वांत वादग्रस्त उदाहरण म्हणजे ऑब्लिव्हियन (२००६). तिथे तुम्ही बरेच वर गेलात की रस्त्यावरचा फाटका दरोडेखोरही काचेचं महागडं चिलखत घालून अडवतो. लढाईला न लागणारी कौशल्यं वाढवून लेव्हल चढवली तर तुम्ही जगाच्या मानाने उलट कमकुवत होता. म्हणून पुष्कळ जण तिथे जाणूनबुजून खालच्या लेव्हलवर राहत. स्कायरिममध्ये बऱ्याच ठिकाणांना किमान-कमाल मर्यादा घातली आणि हा जाच कमी झाला. द विचर ३ मध्ये शत्रूंना तुमच्या बरोबरीला आणणं हा पर्याय आहे, तो चालू करायचा की बंद ठेवायचा हे तुम्ही ठरवता.

यातच एक अपवाद दडला आहे, आणि तो समजला की ‘लेव्हल म्हणजे ताकद’ हा समज कायमचा जातो. फायनल फँटसी ८ (१९९९) मध्ये शत्रूंची लेव्हल तुमच्या पार्टीच्या, म्हणजे सोबत्यांच्या गटाच्या, सरासरीवरून ठरते, पण तुमची खरी ताकद जंक्शन केलेल्या, म्हणजे कॅरेक्टरला जोडलेल्या, जादूतून येते. शत्रूला मारण्याऐवजी त्याचं पत्त्यात रूपांतर केलं तर अनुभवाचे गुण मिळत नाहीत, पण कौशल्याचे गुण मिळतात. पत्त्यांपासून वस्तू आणि वस्तूंपासून जादू बनवता येते. लेव्हल तळाला, शत्रूही तळाला, आणि तुम्ही मात्र अफाट ओपी. कागदावर कमकुवत, प्रत्यक्षात राजा.

८. एल्डन रिंग लेव्हल १ वर पूर्ण करता येतं हे खरं? मला एक तलवारसुद्धा पेलत नाही.

खरं आहे. रेच हा क्लास, म्हणजे सुरुवातीचा कॅरेक्टरचा प्रकार, घ्यायचा. लेव्हल १, सगळे स्टॅट (ताकद, बुद्धी असे गुण) १०, अंगावर कपडा नाही आणि हातात एक सोटा. आयुष्य ठरवणारा स्टॅट व्हिगर, तो १० ला असताना आयुष्य ४१४ असतं आणि ६० ला १,९००, यावरून अंदाज करा.

पण लेव्हल न वाढवणं म्हणजे काहीच न वाढवणं नव्हे. साधं हत्यार +२५ पर्यंत जातं आणि त्याला लेव्हल लागत नाही. हत्यार दोन्ही हातांत धरलं की स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते, म्हणजे १० ची १५. रॅडॅगन्स सोअरसील हा ताईत चार स्टॅट प्रत्येकी ५ ने वाढवतो (बदल्यात लागणारा मार १५ टक्क्यांनी वाढतो, पण ४१४ आयुष्यावर त्याचं सोयरसुतक नसतं). गॉड्रिक या बॉसकडून मिळणारी ग्रेट रून चालू असेल तर सगळे स्टॅट आणखी ५ ने वर. स्ट्रेंग्थ १० ची २० झाली, दोन्ही हातांनी ३० झाली. आता पुष्कळ तलवारी पेलतात. रक्तस्रावाचा घाव शत्रूच्या एकूण आयुष्याच्या टक्केवारीत लागतो, त्यामुळे मोठ्या बॉसवर दुबळ्या कॅरेक्टरला तो फार उपयोगी पडतो.

बाकी सगळं डोळ्यांचं काम. मार्गिट हा बॉस काठी वर उचलतो आणि उचलूनच धरतो. काठी वर गेली म्हणून लगेच चुकवायला कोलांटी मारली की संपलं. त्याची वाट बघायची, खांदा खाली येऊ लागला की मग त्याच्याच अंगाखाली शिरायचं. १,९०० आयुष्य असेल तर हे न शिकताही तो पडतो. लेव्हल १ वर त्याचा खांदा तुम्हाला पाठ होतो.

९. बाल्डर्स गेट ३ मध्ये मठ्ठ कॅरेक्टर घेतलं तर कथा बिघडते का?

उलट रंगते. स्टॅट ८ ते १५ या पट्ट्यात २७ गुणांत बसवायचे असतात, त्यामुळे खरंखुरं दुबळं, म्हणजे ८ च्या खालचं, कॅरेक्टर बनवताच येत नाही. बोलण्याचा निकाल इथे फाशांवर लागतो, आणि इंटेलिजन्स ८ असेल तर फासे जास्त वेळा उलटे पडतील, इतकंच. आणि या गेममध्ये उलट्या फाशांवरही लिखाण केलेलं आहे. बोलणी फसली की पुष्कळदा लढाई, सुटका, अपमान किंवा चौथंच काहीतरी घडतं. म्हणून कळकळीची विनंती: फासा पडला की लगेच जुनी सेव्ह फाइल उघडू नका. पुन्हा टाकायचाच असेल तर इन्स्पिरेशन आहे, ते चारपर्यंत साठवता येतं.

आपल्याकडे दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट समोरच्याचा शब्द झेलून तिथल्या तिथे उत्तर रचतो. मठ्ठ कॅरेक्टर असंच खेळावं. जे पडलं ते झेलायचं आणि त्यातून पुढचं वाक्य काढायचं.

इथला अपवाद गमतीचा आहे. पहिल्याच अंकात, उजाड गावात, लंप नावाचा ओगर भेटतो. आडदांड, पण बोलणं पंडिताचं. कारण त्याच्या डोक्यावरचा पट्टा. तो पट्टा मिळवून घातलात तर तुमचा इंटेलिजन्स थेट १७ होतो, आधी कितीही कमी असो. म्हणजे ८ वर ठेवलेला स्टॅट एका वस्तूने भरून निघतो आणि वाचलेले गुण दुसरीकडे वापरता येतात. खरोखर मठ्ठ राहायचं असेल तर पट्टा पेटीत टाका.

संवाददेखील अडाणी हवे असतील तर आर्केनम (२००१) खेळा. तिथे बुद्धी फार कमी ठेवली तर तुमच्या वाट्याची वाक्यंच तुटकी-मुटकी येतात.

१०. चौघांऐवजी एकट्यानेच खेळलो तर ते कमकुवत खेळणंच झालं ना?

सुरुवातीला, हो. पुढे बहुतेक वेळा उलटं होतं. पहिल्या बाल्डर्स गेटमध्ये शत्रू मारल्याचा अनुभव पार्टीत वाटला जातो. सहा जणांचा वाटा एकट्याला मिळाला तर लेव्हल झरझर चढते. म्हणून त्याच्या एन्हान्स्ड आवृत्तीत १,६१,००० गुणांची मर्यादा आहे हे बरं. डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २ मधलं लोन वुल्फ घेतलं तर पार्टी दोघांचीच राहते, पण स्टॅटमध्ये घातलेला प्रत्येक गुण दुप्पट धरला जातो. लोन वुल्फ दिसायला अवघड, पण खेळातल्या सर्वांत ओपी निवडींपैकी एक आहे. एकट्याने खेळून खरा कस लावायचा असेल तर बाल्डर्स गेट ३ मध्ये लावा, तिथे अशी भरपाई नाही.

११. गणपतीक मुंबयसून भाव इलो. त्याचा कॅरेक्टर एकदम ओपी आसा, माका काय करूकच गावना नाय. मी काय करू?

हा प्रश्न दर भाद्रपदात येतो. बाल्डर्स गेट ३ असेल तर लेव्हल दोघांची सारखीच असते, फरक बिल्डचा आहे. भावाला सांगा, १०० सोन्याची नाणी देऊन विदर्स या पात्राकडून क्लास बदलून घे आणि क्लेरिक किंवा बार्ड हो. ओपी खेळणाऱ्याने मदतनीस व्हावं, हा आमचा ठाम सल्ला आहे. ब्लेस हा मंत्र टाकून तो तुमच्या प्रत्येक वारात ४ पृष्ठांच्या फाशाची भर घालतो, तुम्ही पडलात तर औषधाची बाटली तुमच्या पायाशी फेकून तुम्हाला उठवतो, आणि मारण्याचं काम तुमच्याकडे येतं. त्याच्या माहितीचाही उपयोग होतो आणि तुम्ही नुसते बघत बसत नाही.

एल्डन रिंगमध्ये दोघांनी एकच पासवर्ड टाका. मग वरच्या लेव्हलचा पाहुणा यजमानाच्या पातळीला खाली आणला जातो.

१२. पावसात लाईट कधीही जाते. एकच सेव्ह फाइल असलेला ऑनर मोड खेळावा का?

खेळा, फार चांगला आहे. बाल्डर्स गेट ३ मध्ये ३० नोव्हेंबर २०२३ ला पाचव्या पॅचबरोबर (गेमच्या सुधारणेबरोबर) तो आला. त्यात बॉसना लेजेंडरी अ‍ॅक्शन (खास जादा चाली) आहेत, काही ओपी जोड्या बंद केल्या आहेत, आणि सेव्ह फाइल एकच असते.

फाइल लिहिली जात असतानाच लाईट गेली तर ती खराब होऊ शकते. लॅपटॉप चार्ज असेल तर चिंता नाही. डेस्कटॉप असेल आणि घरात इन्व्हर्टर असेल, तर त्याच्यावर साधारणपणे यूपीएसचं एक बटण असतं, ते त्या बाजूला करा. नाहीतर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात पीसी बंद पडतो आणि घरातले पंखे मात्र चालू राहतात, हा अनुभव कुडाळपासून चिपळूणपर्यंत सगळ्यांचा आहे. शक्य असेल तर पीसीला स्वतंत्र छोटा यूपीएस घ्या. खेळून उठताना गेम पूर्ण बंद करून सेव्हचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. ही प्रत फक्त लाईटने फाइल खाल्ली तरच वापरायची, बॉसने तुम्हाला खाल्लं तर नाही. विजा कडाडत असतील तर वायर काढा, नेटची वायरसुद्धा.

१३. मोबाईलवर पैसे भरून ओपी होणारे बघितले की आपलं खेळणं फुकट वाटतं. काय करावं?

प्रश्न ५ मध्ये ताकदीचे तीन प्रकार सांगितले आहेत. विकत घेतलेली ताकद त्यांत बसत नाही, कारण तिच्यात माहिती नाही, वेळ नाही आणि शोधही नाही. तिच्याशी स्पर्धा करू नका. गेन्शिन इम्पॅक्टसारख्या गेममध्ये कथा आणि भटकंती फुकट मिळालेल्या कॅरेक्टरवर व्यवस्थित होते. शिवाय तिथे वर्ल्ड लेव्हल चढली की शत्रूही चढतात, म्हणून हत्यारं आणि टॅलेंट मागे ठेवून घाई करू नका.

गावात रेंज धड नसेल तर पहिला बाल्डर्स गेट आणि प्लेनस्केप: टॉर्मेंट यांच्या एन्हान्स्ड आवृत्त्या अँड्रॉइडवर आहेत. एकदा विकत घेऊन उतरवल्या की नेटशिवाय चालतात आणि आत काही विकत घ्यावं लागत नाही.

१४. नुझलॉक म्हणजे काय? असे नियम इतर गेमला लावता येतात का?

पोकेमॉन खेळणाऱ्यांनी रूढ केलेली पद्धत आहे. प्रत्येक भागात दिसलेला पहिलाच पोकेमॉन पकडायचा, आणि जो बेशुद्ध पडला तो मेला असं समजून कायमचा सोडायचा. प्रत्येकाला नाव द्यायचं असा नियमही बहुतेक जण पाळतात, आणि आमच्या मते सगळं बळ त्या नावात आहे. नाव दिलेला दुबळा पोकेमॉन वाचवायला माणूस जिवाचं रान करतो.

इतर गेमला जरूर लावा. नियम मात्र खेळ सुरू करायच्या आधी वहीत लिहा आणि थोडेच ठेवा. ‘सापडेल तेच चिलखत, विकत काही घ्यायचं नाही’ एवढा एक नियमसुद्धा स्कायरिम पार बदलून टाकतो. मध्येच नियम जाचक वाटला तर तो उघडपणे मोडा आणि पुढे खेळा. राग राग करत खेळण्याइतकी कुठल्याही नियमाची किंमत नाही.

१५. कुणालाही न मारता, लेव्हल न वाढवता खेळता येईल असा गेम आहे का?

अंडरटेल (२०१५). कुणाला मारलं नाही तर शेवटपर्यंत लेव्हल १ आणि आयुष्य २० राहतं, आणि कथा त्याची दखल घेते. याहून जास्त सांगणं म्हणजे तुमचा आनंद हिरावणं.

१६. माझं कॅरेक्टर एल्डन रिंगमध्ये लेव्हल २०० च्या वर आहे. शॅडो ऑफ द एर्डट्रीमध्ये गेल्यावर दोन फटक्यांत मरतोय. काही बिघडलंय का?

काही बिघडलेलं नाही. २१ जून २०२४ ला आलेल्या एल्डन रिंगच्या या जादा भागात ताकदीचं मोजमाप वेगळं आहे. तिथे स्काडूट्रीचे तुकडे गोळा करून साइट ऑफ ग्रेसवर, म्हणजे विसाव्याच्या जागी, वापरायचे असतात, त्याने मिळणारा आशीर्वाद २० पर्यंत वाढतो, आणि तो त्या प्रदेशातच लागू होतो. लेव्हल वाढवायच्या रून कितीही ओतल्या तरी त्याची जागा भरून निघत नाही. लेव्हल १ वाल्यालाही तेच तुकडे आणि तोच आशीर्वाद मिळतो, त्यामुळे प्रश्न ८ मधला रेच आणि तुमचं कॅरेक्टर यांच्यातलं अंतर इथे बरंच कमी होतं.

बॉसच्या दारात लेव्हल वाढवत बसण्यापेक्षा मागे फिरा आणि हिंडा. वाटेत मिकेलाचे क्रॉस लागतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एक तुकडा ठेवलेला असतो. चार-पाच पातळ्या चढल्यावर त्याच बॉसकडे परत जा.